टाकी, विहीर आणि न आलेला मेसेज: नोड-रेडमधल्या अटींविषयी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात घरचे कुळागर, म्हणजे बागायत, सांभाळणाऱ्या एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पोफळींना आणि केळींना पाणी देणारी टाकी वरच्या मळ्यावर आहे आणि विहीर खाली आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर दर 20 सेकंदांनी एमक्यूटीटीवरून (उपकरणांनी एकमेकांना छोटे मेसेज पाठवण्याच्या पद्धतीने) टक्केवारी पाठवतो. नोड-रेडमध्ये, म्हणजे नोड नावाचे चौकोन तारांनी जोडून प्रोग्रॅम मांडायच्या साधनात, एका स्विच नोडला (अटीप्रमाणे मेसेजची वाट ठरवणाऱ्या नोडला) दोन नियम दिले आहेत: पातळी 40 पेक्षा कमी असेल तर पंप चालू, अन्यथा बंद. पुढे उन्हाळ्यात विहीर आटू लागली, म्हणून विहिरीच्या पातळीसाठी दुसरा स्विच नोड जोडला आणि त्याचीही तार पंप चालू-बंद करणाऱ्या त्याच रिलेकडे नेली. आता पंप कधी दर मिनिटाला चालू-बंद होतो, कधी विहिरीत पाणी नसतानाही चालतो, आणि एकदा तर रात्रभर चालून टाकी वाहून गेली. अटी चुकल्या आहेत का, की सगळे सोडून फंक्शन नोडमध्ये, म्हणजे हाताने कोड लिहायच्या नोडमध्ये, ‘इफ-एल्स’ (असे असेल तर हे, नाहीतर ते) लिहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या अटी वाचायला बरोबर आहेत. अडचण आहे ती त्या अटी कोण विचारतो आणि केव्हा विचारतो यात. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत मी बरीच वर्षे पीएलसीवर, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावर, काम केले. तिथे लॅडरमधली (पीएलसीच्या प्रोग्रॅममधली) प्रत्येक ओळ यंत्र सेकंदाला कित्येक वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, त्यामुळे ‘पातळी 40 पेक्षा कमी आहे का’ हा प्रश्न अखंड विचारला जात असतो. नोड-रेडमध्ये तसे काहीही घडत नाही. तिथे अट ही वाटेवरच्या नाक्यासारखी असते: मेसेज आला तरच ती तपासली जाते, आणि मेसेज आलाच नाही तर अट खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. पीएलसीवरून नोड-रेडकडे वळलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट एकदा तरी महागात पडते आणि मलाही ती पडली आहे. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी दोन थेट इथूनच निघतात.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एक लहान गोष्ट तपासून घ्या. डीबग पट्टीत (आलेले मेसेज दाखवणाऱ्या बाजूच्या पट्टीत) तुमच्या पातळीचा आकडा अवतरणचिन्हांत दिसतो का ते पाहा. तसा दिसत असेल तर तो आकडा नसून मजकूर आहे. स्विच नोडच्या नियमातल्या 40 च्या डाव्या बाजूला मजकुराची खूण असेल तर तुलना आकड्यांची न होता अक्षरांची होते, म्हणजे शब्दकोशातल्या शब्दांप्रमाणे पहिले अक्षर आधी पाहिले जाते. मग 100 हा 40 पेक्षा लहान ठरतो, कारण 1 हे 4 च्या आधी येते, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीवर पंप सुरू होतो. उलट 9 हा 40 पेक्षा मोठा ठरतो आणि तळाला गेलेली टाकी रिकामीच राहते. नियमात आकड्याची खूण निवडली की हा घोळ सुटतो, पण पुरता सुटत नाही, कारण सेन्सरने रिकामा मजकूर पाठवला तर जावास्क्रिप्ट (नोड-रेडमागची प्रोग्रॅमिंगची भाषा) त्याला शून्य मानते आणि शून्य हे 40 पेक्षा कमीच असते. एका हॉटेलाच्या टाकीवर मी स्वतः केलेल्या कामात नेमके हेच झाले होते: सेन्सरच्या डब्यात ओल शिरली, मेसेज येत राहिले पण त्यांत काही नव्हते, आणि फ्लो (तारांनी जोडलेल्या नोडांची मांडणी) इमानेइतबारे पंप चालवत राहिला. तेव्हापासून मी सेन्सरच्या नोडला लागूनच मेसेजमधले मूल्य बदलणारा एक चेंज नोड ठेवतो आणि त्यातल्या जेसॉनाटा एक्स्प्रेशनने (छोट्या सूत्राने) मजकुराचा आकडा करून घेतो. आकडा करता आला नाही तर तो नोड चूक जाहीर करतो, मेसेज पुढे जात नाही, आणि कॅच नोड ती चूक उचलून माझ्यापर्यंत पोहोचवतो. त्यानंतर आकडा 0 ते 100 च्या आत आहे का हे पाहणारा एक स्विच नोड पुरे. पातळीविषयीचा कुठलाही निर्णय या दोन नोडांच्या पलीकडेच घ्यावा.

आता पंप दर मिनिटाला चालू-बंद होतो त्याविषयी. टाकीत वरून पाणी पडत असले की पृष्ठभाग हलतो आणि अल्ट्रासॉनिक सेन्सरचा आकडा एक-दोन टक्क्यांनी वर-खाली होतो. पातळी 40 च्या आसपास आली की तुमच्या फ्लोला 41, 39, 40, 38, 41 असे आकडे दिसतात आणि तो त्यांचे अगदी प्रामाणिकपणे बंद, चालू, बंद, चालू, बंद असे रूपांतर करतो. पंप सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे अशा खटखटीत आधी स्टार्टरचे काँटॅक्ट जातात आणि मग कपॅसिटर. यावरचा उपाय जुना आहे. एका रेषेऐवजी दोन रेषा आखायच्या: 40 किंवा त्याखाली गेल्यावर चालू, 90 किंवा त्यावर गेल्यावर बंद, आणि मधल्या पट्ट्यात आधी जे चालले होते तेच चालू ठेवायचे. स्विच नोडमध्ये हे दोन नियमांत मांडता येते. मधल्या आकड्यांना कुठलाच नियम लागू होत नाही, म्हणून तो मेसेज तिथेच संपतो आणि रिले आहे त्या स्थितीत राहतो. तुमच्या मूळ फ्लोतली खरी चूक ‘अन्यथा बंद’ ही होती. ‘अन्यथा’ या शब्दात ‘माहीत नाही’, ‘अजून ठरले नाही’ आणि ‘नको’ अशा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात, आणि फ्लोमध्ये त्या वेगळ्या ठेवाव्याच लागतात.

मेसेज मध्येच संपून जातो याची नोड-रेडमध्ये कुठेही वाच्यता होत नाही, हे मला अजून खटकते. फ्लो-बेस्ड प्रोग्रॅमिंगची, म्हणजे घटक तारांनी जोडून त्यांतून माहिती वाहू देण्याची, कल्पना जे. पॉल मॉरिसन यांनी आयबीएममध्ये काम करताना मांडली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती कॅनडातल्या एका बँकेच्या कामात प्रत्यक्ष वापरली गेली. त्यांच्या मांडणीत घटकाच्या हाती आलेल्या प्रत्येक पॅकेटचा (माहितीच्या तुकड्याचा) हिशेब द्यावा लागतो: ते पुढे पाठवा किंवा ‘टाकून दिले’ असे स्पष्ट सांगा. नोड-रेड हेही आयबीएममध्येच 2013 मध्ये जन्मले, पण त्यात ही शिस्त नाही. म्हणून ती आपणच पाळायची. माझ्या प्रत्येक स्विच नोडला ‘अदरवाइज’ची वाट असतेच, आणि तिथून पुढे काही करायचे नसले तरी एक डीबग नोड लावलेला असतो. मधल्या पट्ट्यातला मेसेज तिथे उमटला की हा फाटा मुद्दाम मोकळा ठेवला आहे, विसरून नव्हे, हे सहा महिन्यांनी फ्लो उघडणाऱ्यालाही कळते.

स्विच नोडच्याच तळाशी ‘सगळे नियम तपासा’ आणि ‘पहिला लागू झाला की थांबा’ असे दोन पर्याय आहेत आणि सुरुवातीला पहिला निवडलेला असतो. ‘यांच्या दरम्यान’ या नियमात दोन्ही टोके धरली जातात, म्हणून 0 ते 40 आणि 40 ते 90 असे दोन नियम दिले तर नेमका 40 आकडा दोन्ही वाटांनी बाहेर पडतो. लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या ‘इफ-एल्स’मध्ये हे घडू शकत नाही, त्यामुळे हा धोका मनातच येत नाही. वाटा एकमेकींना वगळणाऱ्या हव्या असतील तर दुसरा पर्याय निवडा आणि नियम महत्त्वाच्या क्रमाने लावा, सुरक्षिततेचा नियम सर्वांत वर.

विहिरीच्या अटीबद्दलचा गैरसमज जास्त खोल आहे आणि तो फार जणांचा होतो. टाकी रिकामी आहे आणि विहिरीत पाणी आहे, दोन्ही खरे असेल तरच पंप चालावा, म्हणून तुम्ही दोन स्विच नोडांच्या दोन तारा रिलेच्या एकाच तोंडात आणल्या. कागदावर ते ‘आणि’सारखे दिसते. तारेच्या जगात त्याचा अर्थ ‘आणि’ होत नाही, धड ‘किंवा’ही होत नाही, तर ‘जो शेवटी आला त्याचे खरे’ असा होतो. एका क्षणी टाकीचा मेसेज येऊन ‘चालू’ म्हणतो, 8 सेकंदांनी विहिरीचा मेसेज येऊन ‘बंद’ म्हणतो, आणखी 12 सेकंदांनी टाकी पुन्हा ‘चालू’ म्हणते. दोन मेसेज एकमेकांना भेटतच नाहीत, मग त्यांच्यात एकमत कसे व्हावे? विहिरीत पाणी नसताना पंप चालण्याचे कारण हेच आहे, आणि तुमच्या दर मिनिटाच्या खटखटीतही याचा वाटा असणार.

‘आणि’ हवा असेल तर दोन्ही माहित्या आधी एका ठिकाणी आणाव्या लागतात. जॉइन नोड हे करू शकतो: हाताने ठरवायचा प्रकार निवडून, टॉपिकच्या (मेसेजवरच्या विषयाच्या) नावाने दोन भाग एका ऑब्जेक्टमध्ये (नावे लावलेल्या मूल्यांच्या गठ्ठ्यात) गोळा करायचे आणि त्यानंतरच्या प्रत्येक मेसेजला ताजा ऑब्जेक्ट पाठवण्याची खूण करायची. मग एकाच मेसेजमध्ये टाकीही असते आणि विहीरही असते. लहान कामाला हे पुरते. पण त्या ऑब्जेक्टमधला विहिरीचा आकडा 20 सेकंदांपूर्वीचा आहे की कालचा, हे तिथे दिसत नाही, आणि त्यामुळे आपण तुमच्या तिसऱ्या तक्रारीपाशी येतो.

टाकी वाहून गेली त्या रात्री काय झाले असावे ते तुम्ही दिलेल्या वर्णनावरून सहज जुळते. पातळी 40 च्या खाली गेली, ‘चालू’चा मेसेज रिलेला मिळाला, आणि त्यानंतर सेन्सर गप्प झाला. त्याची वीज गेली असेल, वरच्या मळ्यावर वायफाय पोहोचले नसेल, बॅटरी संपली असेल. कारण काहीही असले तरी फ्लोच्या दृष्टीने त्यानंतर काहीच घडले नाही. बंद करण्याची अट तिथे होती आणि बरोबरही होती, पण तिला विचारायला कोणी आलेच नाही.

आपल्याकडच्या खाडीकाठच्या खाजन शेतीतली मानस, म्हणजे बांधातली पाणी सोडण्याची मोरी, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा फरक लगेच समजेल. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच मानशीची लाकडी दारे मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी वर राहिले की त्याच दाबाने ती उघडतात. तिथे अट आणि पाणी यांच्यामध्ये निरोप नेणारा कोणी नाही, म्हणून निरोप हरवण्याचा प्रश्नही नाही. आपल्या फ्लोमध्ये मात्र पाण्याची पातळी आणि अट यांच्यामध्ये सेन्सर, वायफाय, ब्रोकर (एमक्यूटीटीचे मेसेज वाटणारा मधला प्रोग्रॅम) आणि एक छोटा संगणक असे चार मध्यस्थ उभे आहेत, आणि त्यांतला कोणीही, कधीही, काही न सांगता निघून जाऊ शकतो. त्यामुळे मेसेज न येणे हीसुद्धा एक स्थिती धरून तिच्यासाठी वेगळा फाटा काढावाच लागतो.

याचा सर्वांत सोपा मार्ग ट्रिगर नोड, म्हणजे मुदत मोजणारा नोड, आहे. सुरुवातीला काहीही पाठवू नको, 3 मिनिटे थांब, मग ‘बंद’ पाठव, आणि नवा मेसेज आला की मुदत वाढव, अशी त्याची रचना करायची. सेन्सर बोलत आहे तोवर मुदत सरकत राहते, तो गप्प झाला की 3 मिनिटांत पंप थांबतो. या नोडला मिळणारी तार मात्र सेन्सरपासून थेट न आणता तपासलेल्या आकड्याच्या पुढून आणा, नाहीतर माझ्या त्या हॉटेलातल्यासारखे रिकामे मेसेजसुद्धा मुदत वाढवत राहतील.

तुमच्या कामासाठी मात्र मी ट्रिगर नोडवर थांबणार नाही, कारण तुमच्याकडे दोन सेन्सर आहेत आणि दोघांचेही गप्प होणे मोजायचे आहे. मी अशा ठिकाणी मेसेज येणे आणि निर्णय घेणे या दोन गोष्टी तोडून टाकतो. दोन्ही सेन्सरांच्या वाटा तपासणीनंतर फक्त एवढेच करतात की आपला आकडा आणि तो आल्याची वेळ फ्लो कॉन्टेक्स्टमध्ये (फ्लोच्या सामायिक नोंदवहीत) लिहून ठेवतात. तिथे त्या वाटा संपतात, रिलेपर्यंत जात नाहीत. निर्णय घेणारी वाट वेगळी असते आणि ती एका इंजेक्ट नोडपासून सुरू होते, जो दर 30 सेकंदांनी आपणहून मेसेज सोडतो. म्हणजे पीएलसीतले ते अखंड वाचन आपण घड्याळाच्या मदतीने इथे आणतो. आता अट विचारली जाणे सेन्सरच्या मर्जीवर राहत नाही.

या वाटेवर निर्णयाचा क्रम असा ठेवा. दोन्हींपैकी एक जरी आकडा 3 मिनिटांच्या आतला नसेल तर पंप बंद. विहीर 15 च्या खाली असेल तर बंद. टाकी 90 किंवा वर असेल तर बंद. टाकी 40 किंवा खाली असेल तर चालू. यांपैकी काहीच लागू नसेल तर मागचा निर्णय पुन्हा पाठवायचा. विहिरीलाही दोन रेषा द्या, म्हणजे 15 ला थांबलेला पंप 30 पर्यंत पाणी चढल्याशिवाय सुरू होऊ नये, कारण उन्हाळ्यात विहिरीचा झरा मंद असतो आणि एका टक्क्याच्या फरकावर पंप पुन्हा सुरू केला तर तीच खटखट खाली विहिरीपाशी सुरू होईल.

इथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचेही उत्तर येते. स्विच नोड एका वेळी मेसेजमधली एकच गोष्ट पाहतो. एका आकड्याची तपासणी असेल तर तो उत्तम, कारण चित्र पाहणाऱ्याला फाटा कुठे फुटतो ते डोळ्यांनी दिसते. दोन आकडे, दोन वेळा आणि मागचा निर्णय असे पाच धागे एकत्र तोलायचे असतील तर चार-पाच स्विच नोडांची माळ लावण्यापेक्षा एक फंक्शन नोड वाचायला सोपा पडतो. त्याला दोन बाहेरची तोंडे द्या, चालू आणि बंद, आणि ज्या तोंडातून काही पाठवायचे नाही तिथे ‘नल’ (म्हणजे ‘काही नाही’) परत करा. मात्र तपासण्या, सूचना आणि नोंदी सगळ्या त्याच नोडमध्ये कोंबू नका. तसे केले की फ्लोचे चित्र म्हणजे एक चौकोन आणि दोन तारा एवढेच उरते, आणि तुमच्या घरच्यांना मोबाइलवर ते उघडून काय बिघडले आहे ते कळण्याची सोय जाते.

त्या फंक्शनमधली एक ओळ मी मुद्दाम जवळून दाखवतो. आकड्याचे वय 3 मिनिटांपेक्षा ‘जास्त असेल तर बंद’ असे लिहू नका. वय 3 मिनिटांपेक्षा ‘कमी असेल तरच पुढे जा, नाहीतर बंद’ असे लिहा. वाचायला दोन्ही सारखे आहे, पण नोड-रेड नुकतेच सुरू झाले असेल तर वेळ लिहिलेलीच नसते, मग वजाबाकीचे उत्तर आकडा नसते, आणि जावास्क्रिप्टमध्ये अशा उत्तराची कुठलीही तुलना, जास्तची असो वा कमीची, खोटीच ठरते. पहिल्या प्रकारे लिहिले तर ‘जास्त’ खोटे ठरून माहिती ताजी समजली जाईल, दुसऱ्या प्रकारे लिहिले तर ‘कमी’ खोटे ठरून पंप बंद राहील. अट नेहमी अशी मांडावी की ती मोडली तरी सुरक्षित बाजूला मोडेल.

जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडे वीज दिवसातून चार वेळा जाते आणि येते, म्हणून पुन्हा सुरू होण्याचा विचार वेगळा करा. कॉन्टेक्स्ट साधारणपणे मेमरीत असतो आणि वीज जाताच पुसला जातो. वरच्या रचनेत ते सोयीचेच आहे, कारण वेळ नाही म्हणजे माहिती नाही आणि माहिती नाही म्हणजे पंप बंद. पण सेन्सर आपले मेसेज ‘रिटेन’ करून पाठवत असेल तर ब्रोकर शेवटचा आकडा जपून ठेवतो आणि नोड-रेड पुन्हा जोडले जाताच तो नव्यासारखा हातात देतो. काल दुपारचा 12 टक्क्यांचा आकडा आज सकाळी ताज्या वेळेसह लिहिला जाईल. अशा मेसेजवर ‘रिटेन’ ही खूण खरी असते. तपासणीच्या वाटेवर आणखी एक स्विच नोड ठेवून तसे मेसेज तिथेच थांबवा.

शिवाय हा सगळा फ्लो ज्या छोट्या संगणकावर चालतो तोच अडकला तर त्यातली कुठलीच अट कामाची नाही. म्हणून रिलेच्या उपकरणातच अशी मुदत लावा की 2 मिनिटे नवा ‘चालू’ मेसेज आला नाही तर ते स्वतःहून बंद होईल. मागचा निर्णय दर 30 सेकंदांनी पुन्हा पाठवायला मी वर सांगितले ते यासाठीच, नाहीतर मधल्या पट्ट्यात टाकी भरत असतानाच पंप थांबेल. टाकीत पाण्यावर तरंगणारा एक साधा फ्लोट स्विच बसवून तो स्टार्टरच्या मार्गात आणला तर फारच चांगले. त्याला मेसेज लागत नाही.

तपासताना स्टार्टरची वीज काढून ठेवा आणि सेन्सरच्या जागी इंजेक्ट नोड लावून 39, 40, 41, 89, 90, 101 आणि रिकामा मजकूर असे एकेक मूल्य सोडा. ते कुठल्या फाट्याने बाहेर पडते ते डीबग पट्टीत पाहा. तिथे सगळे जुळले की वीज जोडा, टाकी 40 च्या खाली असताना पंप चालू होऊ द्या, आणि मग वरच्या मळ्यावर जाऊन सेन्सरची तार उपटा. घड्याळ लावून तिथेच उभे राहा. साडेतीन मिनिटांनंतरही पाईपमधून पाणी येत असेल, तर शेवटच्या आकड्याची वेळ तपासलेल्या मेसेजने लिहिली जाते आहे की इंजेक्ट नोडच्या 30 सेकंदांच्या मेसेजने, ते आधी पाहा. दहापैकी आठ वेळा मला चूक तिथेच सापडली आहे.